लेकराच्या वाट्याचा वेळ

(जिल्हा कार्यकर्ता बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर सोयाबीनचा भाव आहे, पीकविम्याच्या तक्रारी आहेत, थकीत वीजबिल आहे आणि मध्येच 'शेतकऱ्यांची लेकरे' असे दोन शब्द छापले आहेत. सकाळपासून दोघातिघांनी मला बाजूला घेऊन विचारले, हा विषय आपला कधीपासून झाला? लेकरांचे बघायला अंगणवाडी आहे, दवाखाना आहे, जीपगाडीतून येणाऱ्या संस्था आहेत. आपण भावाचे बोलावे. भाव मिळाला की लेकरू आपोआप बाळसे धरेल.

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

२००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षांच्या वयात दर हजार मुलांमागे मुली किती, ते मोजले गेले. महाराष्ट्राचा आकडा निघाला ९१३. त्यात तळाशी कोण होते? मेळघाट नाही, गडचिरोली नाही. कोल्हापूर ८३९ आणि सांगली ८५१. कृष्णा-पंचगंगेचे पाणी, उसाची बिले, दुधाचा पगार, गावोगाव पतसंस्था. राज्यात शेतीचा पैसा ज्या घरांत आला त्याच घरांत पोरी जन्माला येण्याआधीच कमी झाल्या. दहा वर्षांनी, २०११ ला, तळाशी गेला आपला बीड जिल्हा. ८९४ वरून ८०७. बीडला दहा वर्षांत काही कृष्णामाई आली नव्हती. सोनोग्राफीचे यंत्र आले होते.

तेव्हा भावाने सगळे आपोआप होते हे म्हणणे आकड्यांवर टिकत नाही. भाव पाहिजेच. त्याशिवाय पुढचे काहीच होत नाही, हे या खोलीत मी कोणाला सांगायची गरज नाही. पण भाव म्हणजे विहीर. विहिरीला पाणी लागले म्हणून ते आपल्या पायाने वाफ्यात जात नाही. कोणाला तरी रात्रीबेरात्री दारे धरायला उभे राहावे लागते. लेकरांच्या बाबतीत दारे कोण धरतो, एवढाच आजचा माझा विषय आहे.

संघटनेने घरात डोकावायचे की नाही, हा वाद जुना आहे आणि त्याचा निकालही जुना आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले तेव्हा हेच विचारले गेले होते, की बायकांचा प्रश्न वेगळा कशाला काढता? पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला आणि नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावाने जमीन करून दिली. शरद जोशींनी त्या वेळी घरातल्या लुटीचाही हिशोब मागितला, म्हणून काही रास्त भावाची मागणी बारीक झाली नाही. मी त्याच वाटेने दोन पावले पुढे जा म्हणतो आहे.

मी शेतकी शाखेचा माणूस, म्हणून आधी पिकाचे बोलतो. गव्हाला पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांत मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी चुकले तर पुढे तुम्ही पाच पाणी द्या, युरिया टाका, काही करा, फुटवे यायचे तेवढे येत नाहीत. पीक वाळत नाही, लांबून हिरवेच दिसते. फटका कळतो तो मळणीच्या दिवशी. अशा नाजूक अवस्था प्रत्येक पिकाला असतात आणि आपण त्या सांभाळतो. त्यासाठी लग्नकार्य टाळतो, मोटारीसाठी रात्र जागतो, उसनवारी करतो.

माणसाच्या पिल्लाची अशी अवस्था म्हणजे पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंत. डॉक्टर लोक त्याला पहिले हजार दिवस म्हणतात. मेंदूची बहुतेक वाढ या काळात होऊन जाते. उंचीचे मापही इथेच बरेचसे ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांत वयाच्या मानाने खुजी मुले ३४ होती, २०१९-२१ च्या फेरीत ३५. मधल्या वर्षांत योजना किती आल्या ते मोजायला बसलो तर जेवणाची वेळ होईल. आकडा जागचा हलला नाही. ही खुजी लेकरे आजारी दिसत नाहीत. अंगणात पळतात, हसतात. आई म्हणते, आमच्यात सगळे असेच लहान चणीचे. लांबून हिरवेच दिसते.

(लेकरू म्हणजे गहू नव्हे, हे मला कळते. माणसाचे पोर चिवट असते, मागे पडलेले कधी कधी भरूनही काढते. पण त्याच्या चिवटपणावर भरवसा ठेवून पाणी तोडणे हा कुठला न्याय?)

आता या हजार दिवसांत लेकराला काय लागते? सगळे एका सुरात म्हणतील, खायला लागते. बरोबर आहे, पण अर्धेच. दुसऱ्या अर्ध्यासाठी मी तुम्हाला दोन लांबचे दाखले देतो. लांबचे अशासाठी, की तिथे कोणीतरी बसून वीस-वीस वर्षे हिशोब ठेवला.

रुमानियात १९६६ साली तिथल्या हुकूमशाही सरकारने गर्भपाताला बंदी केली. लोकसंख्या वाढवायची होती. मुले झाली, आईबापांना पोसता येईनात, आणि सरकार म्हणाले, आमच्या अनाथालयांत आणून टाका. १९८९ ला ते सरकार पडले तेव्हा लाखावर मुले या इमारतींत होती. छप्पर होते, गाद्या होत्या, बरेवाईट खायलाही मिळत होते. नव्हते ते एवढेच, की रडले तर उचलून घेणारे ठरलेले माणूस. एका बाईकडे खोलीभर पाळणे. पुढे २००० नंतर अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या १३६ तान्ह्या मुलांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुले गावातल्या कुटुंबांत सांभाळायला दिली, निम्मी होती तिथे राहिली. साडेतीन वर्षांच्या वयात बुद्ध्यंक मोजले. संस्थेतल्या मुलांचा सरासरी ७७, कुटुंबात गेलेल्यांचा ८६ आणि पहिल्यापासून आपल्या घरात वाढलेल्या मुलांचा १०३. कुटुंबात गेलेल्यांतही जी दोन वर्षांची व्हायच्या आत गेली ती जास्त सावरली. म्हणजे नुसते पोट भरून भागत नाही. आणि सरकार आई होऊ शकत नाही, हे तर आपण फार वर्षे दुसऱ्या कारणांसाठी सांगतच आलो आहोत.

दुसरा दाखला जमैकाचा. तोही उसाचाच देश. किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली १२९ खुजी मुले निवडली, वय नऊ ते चोवीस महिने. काहींना दर आठवड्याला किलोभर दुधाची पावडर दिली. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा, फक्त एक तास, वस्तीतलीच साधी आरोग्य सेविका जायची. ती काय करायची? आईला सोबत घेऊन लेकराशी खेळायची. डबे, चिंध्या, लाकडाचे ठोकळे यांची घरी केलेली खेळणी. याच्याशी बोल, हे काय ते विचार, ओरडू नकोस, कर म्हणून पाठ थोपट. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी ती पोरे कमवती झाल्यावर त्यांची मिळकत पाहिली, तर ज्यांच्या घरी ती बाई गेली होती त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा २५ टक्के जास्त. नुसती पावडर मिळालेल्यांच्या कमाईत फरक दिसला नाही. आठवड्याचा एक तास! कोणत्या सुधारित वाणाने पंचवीस टक्के उतारा वाढवून तो वीस वर्षे टिकवला, मला दाखवा.

हे ऐकून कोणी म्हणेल की आमच्या बायांचे लेकरांवर प्रेम नाही का? आहे. म्हणूनच मराठीतले दोन शब्द मला वेगळे ठेवायचे आहेत. आबाळ आणि हेळसांड. आबाळ होते, हेळसांड आपण करतो. आबाळ म्हणजे मनात असून हात पोचत नाही. हेळसांड म्हणजे हात मोकळे असून उचलत नाही. आपल्या घरांत दोन्ही आहेत. बाहेरचा माणूस येतो तो सगळ्याला हेळसांड म्हणतो आणि अडाणी बाईला पोषणावर व्याख्यान देऊन जातो. आपण उलटे करतो, सगळ्याला आबाळ म्हणतो आणि परिस्थितीवर ढकलून मोकळे होतो.

आधी आबाळीचा हिशोब मांडू. लेकरू सहा महिन्यांचे होईपर्यंत आईचे दूध पुरते. त्यानंतर वरचे अन्न पाहिजे, आणि नऊ महिन्यांपासून पुढे दिवसाकाठी तीन-चार वेळा पाहिजे, कारण पोट वाटीएवढे. ज्वारीची भाकरी त्याला चावत नाही. ती वरणात नाहीतर दुधात कुस्करा, मऊ भात करा, वरून तेल सोडा, शेंगदाण्याचे कूट घाला, कधी अंडे. यातले बहुतेक आपल्या घरात असते. नसते ते दुसरेच. लेकरू एक घास घेते, दुसरा थुंकते, तिसऱ्याला उठून पळते. एका वेळेला अर्धा तास जातो. चार वेळचे दोन तास. आठ तासांच्या रोजात दोन तास म्हणजे पाव रोज. लेकराच्या खाण्याची खरी किंमत ही आहे. रेशनच्या तांदळाची नाही, आईच्या पाव रोजाची.

आता हे आपल्या कामाच्या दिवसांवर ठेवून बघा. जुलै-ऑगस्टमध्ये खुरपणी. सोयाबीन आणि कापूस एकदम तणात जातात, सगळ्यांना बाया एकदम पाहिजेत. दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी सुरू होते, ती किलोवर. दर वेळी बांधावर जाऊन लेकराला पाजले तर तेवढे किलो कमी भरतात. बाभळीला झोळी बांधलेली असते, राखायला पाच-सहा वर्षांची बहीण. जुन्या बाया सांगतात, पूर्वी अफूची चिमूट द्यायचे म्हणजे लेकरू दिवसभर निजायचे. आता पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा असतो. काम तेच करतो, गप्प बसवतो.

सरकारचे काय म्हणाल, तर एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे. पण अंगणवाडीत बसते ते तीन वर्षांच्या पुढचे मूल, तेही चार-पाच तास. खालच्याला घरी न्यायचे पाकीट. ज्या वयात फटका बसतो त्या वयाला पाकीट, आणि भरवायला माणूस नाही. ते पाकीट म्हशीपुढे गेलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे, तुम्हीही पाहिले असेल. म्हशीचा काही दोष नाही.

'अंगणवाडी' हा शब्द सरकारने शोधला नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. बालवाडीत पोरे येईनात तेव्हा या बायांनी वस्तीच्या अंगणातच बालवाडी नेली. नंतर कोसबाडला आदिवासी पाड्यांत त्यांना दिसले की मोठ्या पोरी शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड आहे. शिस्तीचा मास्तर असता तर पोरीचे नाव पटावरून कमी केले असते. यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणून ठेवली आणि तिला विकासवाडी म्हटले. पोरगी भावंड पाळण्यात ठेवते आणि शेजारच्या वर्गात बसते. इतकी साधी गोष्ट. सरकारने शब्द उचलला, पाळणा तिथेच राहिला.

आता ऊसतोडीकडे येतो. या जिल्ह्यात बसून ते टाळले तर बाकीचे बोलण्यात अर्थ नाही. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या भावकीत कोयता आहे. कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक. उचल घेतली की दसरा-दिवाळीनंतर गाव सोडायचे ते मार्च-एप्रिलला परत. पहाटे अंधारात फडात, दिवसभर तोडणी आणि मोळ्या, वाहन आले की रात्री भरणी. एक दिवस घरी बसले की खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापतो. या सहा महिन्यांत लेकराचे दोनच मार्ग. सोबत न्यायचे, म्हणजे कोपीत नाहीतर पाचटावर ठेवायचे. नाहीतर गावी म्हाताऱ्यांपाशी सोडायचे.

सोबत नेलेल्यांसाठी १९९० च्या दशकात साखरशाळा निघाल्या. पुढे शिक्षणहक्काचा कायदा २०१० ला लागू झाला, मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे आली. कुठे चांगली चालली, कुठे कागदावर जेवली. पण दोन्ही सोयी सहा वर्षांपुढच्या पोरांच्या. दूधपिते लेकरू ना शाळेत, ना वसतिगृहात. ते आईबरोबर फडात, आणि त्याला सांभाळायला त्याची नऊ-दहा वर्षांची बहीण. म्हणून ती पण वसतिगृहात नाही.

डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीवर अशी एक पोर मला भेटली. तिसरी झाली होती, चौथीच्या वर्षी धाकट्या भावासाठी आईबापांबरोबर गेली. परत आल्यावर शाळेत बसली तर गणित पुढे निघून गेलेले. पुढच्या हंगामाला तिनेच सांगितले, मी फडावरच येते. भावाला मात्र तिने दृष्ट लागावी असा ठेवला होता. नाक पुसलेले, काजळ घातलेले, कडेवरून खाली नाही. एका लेकराची आबाळ टाळण्यासाठी दुसऱ्या लेकराची पुरी केली. आईबापांपुढे दुसरा काय उपाय होता ते मला सांगा. पंधरा-सोळाव्या वर्षी तिचे लग्न होईल, कारण वयात आलेली पोर मागे ठेवणे म्हणजे जिवाला घोर, आणि लग्न झाले की नवा कोयता होतो, उचल मिळते. २०१९-२१ च्या पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात शंभरात २२ होत्या, बीड जिल्ह्यात ४४ च्या घरात. त्या पोरीच्या पोटी पुन्हा दोन किलोचे लेकरू. हे चक्र कोणाच्या मायेच्या कमतरतेतून चालत नाही. साखरेच्या हिशोबात लेकराचे खाते नाही म्हणून चालते.

कायद्याला हे सुचले नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघर लिहिले होते. पण ते कारखान्याच्या भिंतीच्या आत, फडात नाही. १९७२ च्या दुष्काळातून निघालेल्या आपल्या रोजगार हमीत पाळणाघराची सोय सांगितली होती. २००५ च्या केंद्राच्या कायद्यात तर स्पष्ट होते, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले असतील तर एका बाईला त्यांना सांभाळायला बसवावे आणि तिला बाकीच्यांइतकाच रोज द्यावा. तुमच्यापैकी किती जणांनी अशी बाई बसलेली पाहिली? हात वर करा. ... दोन. ठीक आहे, दोन तरी आहेत.

आबाळीचे झाले. आता हेळसांडीचे बोलतो. पुढच्या रांगेतल्या भावांनी राग मानू नये, मानला तरी चालेल.

खुरपणीच्या दिवसांत दुपारी दोन वाजता कुठल्याही गावात जा. बाया रानात आहेत. पारावर कोण बसले आहे? पानटपरीवर, मोबाइलवर मान खाली घालून कोण आहे? फवारणी झाली, औत सुटले, की गड्याचे हात मोकळे होतात. बाई रानातून येते ती सरपण घेऊन, आल्यावर चूल, पाणी, धुणे. ती भाकरी थापत असताना लेकरू तिच्या पदराला ओढत रडते आणि बाप ओरडतो, ह्याला गप्प कर! ते पाव रोजाचे दोन तास बापापाशी असतात. तो देत नाही, कारण लेकराला भरवणे हे गड्याचे काम नाही असे त्याच्या बापाने त्याला शिकवले. रात्री देशी पिऊन आला तर असलेलेही काढून घेतो. बायकोचा मार लेकरू बघते तेव्हा त्याच्या मनाचे काय होते, त्यासाठी रुमानियापर्यंत जायला नको.

वासरू आजारी पडले तर आपण रात्री डॉक्टरला उठवतो. हे मी हिणवायला सांगत नाही. वासराच्या वेळी आपल्याला लक्षणे कळतात, म्हणून हलतो. लेकराचीही शिकली तर कळतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी हेच केले. ३९ गावांतल्या साध्या बायांना नवजात बाळ बघायला शिकवले: ऊब, अंगावरचे दूध, श्वास, जंतुसंसर्ग ओळखून वेळेवर औषध. सुरुवातीला हजारामागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात जात होती, तिसऱ्या वर्षी २६ च्या आत आली. १९९९ ला हे जगाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दवाखाना बांधला म्हणून हे झाले नाही. घरातल्या आणि गावातल्या माणसांनी काय बघायचे ते शिकले म्हणून झाले. आणि त्या बायांना कामाचे पैसे मिळत होते, हेही सांगतो, कारण सेवाभाव हा शब्द बायांच्या कामापुढे फार स्वस्तात वापरला जातो.

आता आपण काय करायचे? मी सरकारला निवेदन द्या म्हणून सांगणार नाही. ते द्यायचे तर द्या.

खुरपणी-वेचणीला दहा बायांची टोळी जाते. टोळीतच अकरावी बाई धरा, गुडघे दुखतात म्हणून जिला वाकवत नाही अशी. ती झाडाखाली लेकरे सांभाळेल, दोनदा भरवेल, आणि तिला इतर बायांइतकाच रोज. हा रोज कोण देणार? शेतमालक. म्हणजे आपण. दहाला अकरा म्हणजे मजुरीत दहा टक्के वाढ झाली. लगेच कोणी म्हणेल, परवडत नाही. बरोबर, परवडत नाही. आता तुम्ही भावाच्या मुद्द्यावर आलात, आणि आता मी तुमच्यासोबत आहे. कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्च काढताना बियाणे धरतो, खत धरतो, घरच्या माणसांची मजुरीही धरतो, कमी धरतो ते सोडा. पण ती मजुरी करणाऱ्या बाईचे लेकरू त्या वेळात कोणी सांभाळले, याची ओळ त्या तक्त्यात नाही. आपणच खर्च केला नाही तर ती ओळ मागायची कशाच्या जोरावर? आधी अकराव्या बाईचा रोज तुमच्या वहीत लिहा, मग तो तक्त्यात मागू.

ऊसतोडीचे याहून अवघड आहे, पण तिथे आपल्या हातात एक गोष्ट आहे. तोडणारा शेतकरी आहे आणि ज्याचा ऊस तुटतो तोही शेतकरीच. आपल्यातले किती तरी जण सहकारी साखर कारखान्यांचे सभासद आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण साखरेच्या वाटपावरून खुर्च्या उचलतो. या वर्षी एक ठराव टाका: दर टोळीमागे कोपीवर एक बाई लेकरांसाठी, तिचा रोज कारखान्याचा, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला पाजण्याच्या वेळेचा खाडा नाही. अध्यक्ष तो विषय 'ऐनवेळच्या विषयां'त ढकलतील. म्हणून ठरावाची नोटीस सभेच्या आधी, मुदतीत, लेखी द्या आणि पोच घ्या. आणि जे मुकादम आपल्या बैठकांना येतात, दोघे तर आत्ता मागे बसले आहेत, त्यांनी यंदाचा करार करताना हे स्वतः बोलून बघावे. पहिला मुकादम जो हे करेल त्याच्याकडे बाया आपण होऊन येतील. त्यात त्याचा फायदाच आहे.

गड्यांच्या दोन तासांचा ठराव मी मांडत नाही. तो हात वर करून मंजूर होईल आणि संध्याकाळी विसरला जाईल. महिला आघाडीच्या बहिणी गावात कोणाच्या घरी काय चालते ते जाणतात. त्यांनी आपापल्या गावात ठरवावे कसे ते.

पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने एक कागद आणायचा आहे. निदान पाच गावे, गावात तीन वर्षांखालची लेकरे किती, त्यातली खुरपणीच्या दिवसांत रानात किती, हंगामाला फडावर किती, आणि लेकराला सांभाळणारी बहीण शाळेच्या पटावर आहे का. आकडे अंगणवाडी ताईकडून उतरवून आणू नका, घरोघर जाऊन विचारा. पाच गावे झाली नाहीत तर दोन आणा, पण खरी आणा. कोरा नमुना चहाच्या टेबलावर ठेवला आहे. ज्या बायांच्या अंगावर लेकरू आहे त्यांनी पुढच्या वेळी लेकराला घेऊनच बैठकीला यावे. मागची खोली रिकामी असते, तिथे झोळीसाठी आडे आहे आणि सांभाळणाऱ्या बाईचा रोज बैठकीच्या खर्चातून जाईल.

आता पीकविमा घेऊ. तालुकाप्रमुखांनी तक्रारींचे गठ्ठे घेऊन पुढे यावे.